जपानमध्ये इआयदो शिकायचंय? तलवार सगळ्यात शेवटी घ्या

नोकरी किंवा शिक्षणासाठी जपानला आलेल्या मराठी मंडळींकडून मला एक प्रश्न हमखास येतो: "तलवार शिकायची आहे, कटाना कुठून घेऊ?" इथेच गाडी उलटी सुरू होते. इंटरनेटवरून तलवार मागवतात, ती निघते बेकायदेशीर. किंवा कायदेशीर असते पण मापात बसत नाही. आणि डोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, गेल्यावर सेन्सेई, म्हणजे गुरू, ती बघून नुसतं हसतात. मी तोक्योत राहते आणि आमच्या वॉर्डाच्या क्रीडा केंद्रात सराव करते. निशी-कासाईपासून योकोहामापर्यंत आपली बरीच माणसं आहेत, त्यांना एकदाच सगळं नीट सांगावं म्हणून हे लिहिते आहे. क्रम मात्र मोडू नका. खाली तलवार जिथे येते, तिथेच ती यायला हवी.

१. नेमकं काय शिकायचंय ते ठरवा

तलवारीशी संबंधित गोष्टी जपानमध्ये चार-पाच आहेत आणि बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात.

केंदो म्हणजे चिलखत चढवून बांबूच्या शिनाईने समोरासमोर लढणं. घाम, आरोळ्या, गुण, स्पर्धा. ज्यांना अंगातली रग जिरवायची आहे त्यांनी बेलाशक तिकडे जावं.

इआयदोत समोर कोणी नसतं. म्यानातली तलवार उपसतानाच पहिला वार, मग निर्णायक वार, मग पात्यावरचं रक्त झटकल्याची क्रिया, मग पुन्हा म्यान. हे सगळं 'काता'मध्ये, म्हणजे हालचालींच्या ठरलेल्या क्रमात, एकट्याने करायचं. बघणाऱ्याला संथ वाटतं, करणाऱ्याच्या मांड्या थरथरतात.

बात्तोदोमध्ये भिजवून गुंडाळलेल्या तातामीच्या चटया खऱ्या धारदार पात्याने कापतात. नवख्याने इथून सुरुवात करू नये, हे माझं स्पष्ट मत.

चौथा प्रकार जुन्या घराण्यांचा, म्हणजे कोर्यू. इआयच्या बहुतेक घराण्यांचं मूळ १६व्या शतकातल्या हायाशिझाकी जिन्सुके शिगेनोबू यांच्यापाशी नेतात. यामागाता प्रांतातल्या मुरायामा इथे त्यांच्या नावाचं देवस्थान आहे. आज सर्वांत पसरलेली दोन घराणी म्हणजे मुसो जिकिदेन एइशिन-र्यू आणि मुसो शिनदेन-र्यू.

माझा सल्ला: अखिल जपान केंदो महासंघाच्या पद्धतीने शिकवणारा इआयदोचा वर्ग शोधा. या महासंघाने सगळ्या घराण्यांना सामाईक असे काता ठरवून दिले आहेत: १९६९ साली सात, १९८० मध्ये आणखी तीन, २००० मध्ये आणखी दोन, एकूण बारा. त्यांना सेइतेई म्हणतात. कंपनीने उद्या तुमची बदली ओसाकाला किंवा फुकुओकाला केली तरी तिथल्या डोजोत हेच बारा असतील. शिवाय बहुतेक सेन्सेई यासोबत आपलं घराणंही शिकवतात, त्यामुळे काही हुकत नाही.

इथे एक खाच आहे. इआयदोचा स्वतंत्र असा दुसरा राष्ट्रीय महासंघही आहे, त्याचे काता आणि परीक्षा वेगळ्या. एकीकडची पदवी दुसरीकडे आपोआप चालत नाही. नाव नोंदवण्याआधी "कोणता महासंघ?" हे विचाराच.

२. आधी नुसतं बघायला जा

कुठल्याही डोजोत थेट प्रवेश मागू नका. 'केनगाकु' मागा, म्हणजे सराव बघायला येऊ का, असं विचारा. ही इथली रीतच आहे आणि तिला सहसा कोणी नाही म्हणत नाही. वॉर्डाच्या किंवा शहराच्या क्रीडा केंद्राच्या फलकावर, नगरपालिकेच्या पत्रकात आणि प्रांताच्या केंदो संघटनेच्या यादीत वर्ग सापडतात. वर्ग बहुधा संध्याकाळी उशिरा किंवा शनिवार-रविवारी असतात, नोकरदारांना सोयीचे.

मोडक्यातोडक्या जपानीत लिहिलं तरी चालतं: नाव, वय, कुठे राहता, अनुभव नाही, अमुक वारी बघायला यायची इच्छा आहे. एवढं पुरे. आपली लष्करी परंपरा, शिवकाल वगैरे पहिल्याच पत्रात घालू नका. पुढे कधी ओचा पिताना सेन्सेईंना दांडपट्ट्याचा व्हिडिओ दाखवा. आमच्याकडे तो दाखवल्यावर अख्खा वर्ग भोवती गोळा झाला होता.

जाताना स्वच्छ मोजे घाला, दहा मिनिटं आधी पोहोचा, आत शिरताना वाका आणि सांगतील तिथे बसा. मग बघायचं काय?

सेन्सेई नवख्यांकडे स्वतः येतात की ज्येष्ठांवर सोपवून मोकळे होतात? वर्गात पन्नाशी-साठीची माणसं आहेत का? असतील तर उत्तम, तिथे घाई नसते. दोन माणसांमधलं अंतर किती ठेवतात? गर्दीच्या हॉलमध्ये, बाजूच्या माणसाला पात्याचं टोक लागेल इतक्या जवळ उभं राहून कोणी उपसत असेल तर तिथून निघा. पहिल्याच दिवशी खरी तलवार हातात देणारा, किंवा "तलवार माझ्याकडूनच घ्या, आजच घ्या" म्हणणारा वर्गही टाळा. पर्यटकांसाठी तासाभराचे 'सामुराई अनुभव' असतात, फोटो छान येतात, पण ते शिक्षण नव्हे.

मे महिन्याच्या सुरुवातीच्या सुट्ट्यांत क्योतोला जाणं जमलं तर जुन्या बुतोकुदेनमध्ये महासंघाचा वार्षिक एनबु, म्हणजे प्रात्यक्षिकांचा, सोहळा असतो. १८९९ साली बांधलेल्या त्या लाकडी वास्तूत देशभरातले वरच्या दर्जाचे लोक इआयदो सादर करतात. एक दिवस तिथे बसलात की आपल्या वर्गात चांगलं काय आणि वाईट काय ते डोळ्यांना कळायला लागतं.

३. नाव नोंदवताना

सोबत ठेवा:

- झाइर्यू कार्ड, म्हणजे जपानमधलं रहिवासी ओळखपत्र (काही ठिकाणी प्रत मागतात)
- आपत्कालीन संपर्क: शक्यतो जपानमधलाच, पुण्यातल्या आईबाबांचा नंबर चालत नाही
- प्रवेश अर्ज. नाव काताकाना लिपीत कसं लिहायचं ते आधीच ठरवा आणि पुढे सगळीकडे तसंच लिहा
- रोख रक्कम, सुट्टी, पाकिटात घालून

सार्वजनिक क्रीडा केंद्रातल्या वर्गांची मासिक फी साधारण तीन-पाच हजार येन, खासगी डोजोत त्याहून बरीच जास्त. त्याशिवाय प्रांताच्या संघटनेची वार्षिक वर्गणी आणि खेळाडूंचा सामूहिक अपघात विमा. हा विमा एप्रिल ते मार्च चालतो आणि स्वस्त असतो. नको म्हणू नका.

काताकानाचं का बजावून सांगितलं? 'कुलकर्णी' दोन अर्जांवर दोन तऱ्हेने लिहिलं गेलं की पुढे परीक्षेच्या नोंदीत दोन वेगळी माणसं तयार होतात. ते निस्तरायला अनेक फॉर्म लागतात.

४. सामान: या क्रमाने, एकदम नाही

पहिले काही आठवडे ट्रॅकपँट आणि टी-शर्ट चालतो. डोजोत बोक्केन, म्हणजे लाकडी तलवार, किंवा जादाची तलवार वापरायला मिळते. मग असं घ्या:

- गुडघ्यांचे पॅड. व्हॉलीबॉलवाले वापरतात तेच. हाकामाच्या, म्हणजे सरावाच्या घोळदार पायजम्याच्या, आत दिसत नाहीत. सगळ्यात आधी हेच घ्या, लाकडी फरशी कोणाची गय करत नाही.
- ओबी: रुंद, कडक, तीन-चार मीटरचा पट्टा. कराटेचा पट्टा चालत नाही, त्यात म्यान डुगडुगतं.
- केइकोगी, म्हणजे सरावाचा अंगरखा, आणि हाकामा. रंग सेन्सेईंना विचारून घ्या. काही डोजोंत सगळे काळेच घालतात.
- प्लास्टिकचं म्यान असलेलं बोक्केन, घरी सरावासाठी. आपल्या जपानी फ्लॅटचं छत बघून मगच डोक्यावर उचला.
- आणि शेवटी इआयतो.

इआयतो म्हणजे सरावाची तलवार. तिचं पातं जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं, त्याला धार नसते आणि लावताही येत नाही. वजन, तोल, मूठ मात्र खऱ्यासारखी. गिफु प्रांतातलं सेकी हे पात्यांचं जुनं गाव, बऱ्याच इआयतो तिथूनच येतात. चांगली नवी घ्यायची तर पन्नास-साठ हजार येनच्या खाली फार अपेक्षा ठेवू नका. मापाची बनवून घेतली तर काही महिने थांबावं लागतं.

लांबी शाकु आणि सुनमध्ये सांगतात. एक शाकु ३०.३ सेंटीमीटर, एक सुन त्याचा दहावा भाग. १७० सेंटीमीटर उंचीच्या माणसाला साधारण २ शाकु ४ सुन किंवा त्याहून अर्धा सुन जास्त. पण निव्वळ तक्त्यावर जाऊ नका. हातांची लांबी, खांदा, मनगटाची ताकद बघून सेन्सेई माप सांगतील, तेच लिहून दुकानात द्या. लांब तलवार रुबाबदार दिसते म्हणून मोठी घेणारे लोक नंतर ती म्यानाबाहेर काढताना वाकडेतिकडे होतात.

डावखुऱ्यांसाठी: डाव्या हाताने उपसायची सोय नाही. तलवार डाव्या कमरेला, उपसायची उजव्या हाताने, सगळ्यांना एकच नियम. वाईट वाटून घेऊ नका. पुढे कळेल की या विद्येत अर्ध्याहून जास्त काम डाव्या हाताचंच आहे.

५. कायदा, हा भाग दोनदा वाचा

जपानमध्ये बंदुका आणि तलवारींचा कायदा १९५८ पासून आहे आणि तो कडक पाळला जातो. १५ सेंटीमीटर किंवा त्याहून लांब पोलादी पात्याची तलवार बाळगायची तर तिच्यासोबत नोंदणीपत्र, म्हणजे तोरोकुशो, हवंच. ते प्रांताच्या शिक्षण मंडळाकडून मिळतं. आपल्याला वाटतं शस्त्र म्हणजे पोलीस ठाणं; इथे पारंपरिक तलवार ही कलावस्तू म्हणून नोंदली जाते. ही नोंद माणसाची नसून तलवारीची असते, म्हणून कागद कायम तिच्यासोबत राहतो. विकत घेतलीत तर २० दिवसांच्या आत मालकी बदलल्याचं कळवायचं.

यात लोक हमखास फसतात ते असे:

परदेशी संकेतस्थळावरून 'हँडमेड कार्बन स्टील कटाना' मागवणं. ती पारंपरिक जपानी पद्धतीने घडवलेली कलावस्तू नसल्याने तिची नोंदणीच होऊ शकत नाही. म्हणजे ती जपानमध्ये ठेवता येत नाही. "पण तिला धार नाही" हा युक्तिवादही पोलादाच्या बाबतीत चालत नाही. भारतातून शोभेची म्हणून आणलेली पोलादी तलवार असेल तर तिलाही हेच लागू. घर सजवायला आणायचा विचार असेल तर सोडून द्या.

दुसरं, इआयतोला नोंदणी लागत नाही, पण ती हातात मिरवत रस्त्याने जाता येत नाही. विनाकारण सोबत बाळगणंही गुन्ह्यात बसतं. बंद पिशवीत घालून घर ते डोजो आणि डोजो ते घर. वाटेत इझाकायात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, मित्रांना काढून दाखवायची नाही. रात्री उशिरा परतताना लांब पिशवी बघून पोलीस विचारतात. शांतपणे डोजोचं नाव सांगा, झाइर्यू कार्ड दाखवा, सरावाचे कपडे सोबत असतातच.

तिसरं, जुनी तलवार घेताना कागदावरची लांबी, वक्रता आणि मुठीच्या आतल्या भागावरची सही प्रत्यक्ष तलवारीशी जुळते का ते विक्रेत्याला समोर दाखवायला सांगा. कागद एकीचा आणि पातं दुसरीचं, असं निघू शकतं.

६. पहिले महिने: डावा हात

पहिल्या दिवशी तुम्हाला बसायला शिकवतील. सेइझा म्हणजे आपलं वज्रासन, त्यामुळे शाळेत योगासनं केलेल्यांना थोडा फायदा होतो, पण इथे त्यातून कमरेतली तलवार न हलवता उठायचं असतं. हाकामाचा घोळ हाताने झटकून बसायचं, तलवार समोर ठेवून तिला नमस्कार करायचा, म्यानाची दोरी, म्हणजे सागेओ, गुंडाळायची. हे कंटाळवाणं वाटलं तरी त्यात घाई करू नका. सरावाआधी एक गोष्ट मात्र कोणी न सांगता रोज करा: मुठीतली बांबूची खीळ, म्हणजे मेकुगी, अंगठ्याने दाबून बघा. पातं मुठीत फक्त त्या खिळीने धरलेलं असतं. ती सैल असेल तर त्या दिवशी उपसायची नाही.

मग पहिला काता, 'माए'. समोर बसलेल्या शत्रूच्या मनात घात आहे हे ओळखून आपण आधी वार करतो, अशी त्यामागची कल्पना. डावा हात म्यानाच्या तोंडाशी, कोइगुचीपाशी जातो आणि अंगठ्याने त्सुबा, म्हणजे मुठीपुढची चकती, हलकेच पुढे ढकलतो. पात्याच्या बुडाशी असलेल्या हाबाकीची, म्हणजे धातूच्या कड्याची, पकड सुटते, टक असा बारीक आवाज येतो. उजवा हात मुठीवर. गुडघ्यांवर उठत, पायाची बोटं आत वळवत तलवार निम्म्याहून जास्त बाहेर येते. शेवटच्या क्षणी डावा हात म्यान मागे खेचतो आणि उजवं पाऊल पुढे पडताना पातं शत्रूच्या कानशिलाच्या रेषेत आडवं जातं. मग टोक डाव्या कानाजवळून मागे नेत तलवार डोक्यावर घ्यायची, डावा गुडघा पुढे ओढायचा आणि उजवं पाऊल टाकत सरळ खाली वार. टोक आडव्या रेषेच्या किंचित खाली थांबतं. जमिनीला लागत नाही, दणका देत नाही. उठताना रक्त झटकायचं, पाय बदलायचे आणि तलवार म्यानात.

नवखे लोक सगळं लक्ष उजव्या हातावर देतात. ताकद लावून उपसतात, आणि म्यान जागेवरच राहतं. मग पातं आतल्या लाकडावर घासतं. होनोकीचं लाकूड मऊ असतं, काही महिन्यांनी म्यान उलटं करून टिचकी मारली की भुसा पडतो. तो भुसा म्हणजे तुमच्या डाव्या हाताचं प्रगतिपुस्तक. खऱ्या तलवारीच्या बाबतीत मामला गंभीर होतो: धार म्यान चिरून बाहेर येते आणि तिथे धरलेली बोटं कापली जातात. म्हणून सुरुवातीपासूनच धारेच्या बाजूने बोटांचा विळखा घालायचा नाही, ही सवय लावून घ्या. म्यान करताना न बघता पात्याची पाठ कोइगुचीवरून सरकवत टोक आत सोडायचं असतं. ते जमेपर्यंत बिनधास्त खाली बघा. वेगाची हौस नंतर.

डोजोत पाळायच्या बाकी गोष्टी थोडक्यात. जमिनीवर ठेवलेली तलवार ओलांडायची नाही. दुसऱ्याची तलवार विचारल्याशिवाय उचलायची नाही. उघड्या पात्याला बोट लावायचं नाही. कोणी सराव करत असेल तर त्याच्या समोरून जायचं नाही, मागून जायचं. सेन्सेई चूक दाखवतात तेव्हा कारण सांगू नका; "हाय" म्हणा आणि करून बघा. वादविवादात वाढलेल्या आपल्या लोकांना हे सर्वांत जड जातं.

७. निगा

इआयतोला फार लागत नाही. घामाचा हात लागलेला भाग मऊ कापडाने पुसा, अगदी पातळ तेल फिरवा. जास्त तेल लावलं की ते म्यानात उतरतं आणि धूळ धरून बसतं. पावसाळ्यात, म्हणजे त्सुयुच्या महिन्यात, तलवार पिशवीत कोंडून ठेवू नका. पॉलिशच्या दगडाची बारीक पावडर आणि चोजी, म्हणजे लवंगेचं, तेल हे खऱ्या पोलादाचे सोपस्कार. इआयतोवर पावडर थोपटू नका, चरे पडतात.

८. परीक्षा

पहिली पायरी इक्क्यू, मग शोदान, म्हणजे 'दान' नावाच्या श्रेण्यांतली पहिली. शोदानला वय किमान १३ हवं. त्यापुढे वाट बघण्याचा काळ ठरलेला: दुसऱ्या दानसाठी एक वर्ष, तिसऱ्यासाठी आणखी दोन, चौथ्यासाठी तीन, असा वाढत जातो, आठव्या दानसाठी सातवी मिळाल्यावर दहा वर्षं आणि वय किमान ४६. त्यामुळे व्हिसाची मुदत बघून मनात गणित मांडू नका, वर्गात मन लागेल का ते बघा.

परीक्षेत नमस्कारासकट सहा मिनिटांत पाच काता करायचे. छातीवर डाव्या बाजूला नावाची पट्टी शिवावी लागते. ती आधीच मागवा. काही प्रांतांत लेखी प्रश्नांची उत्तरंही द्यावी लागतात, जपानीत. आणि एक पैशाची गोष्ट: परीक्षेची फी वेगळी आणि पास झाल्यावर नोंदणीची फी वेगळी. दुसरी पहिल्यापेक्षा मोठी असू शकते.

९. खरी तलवार

ती विकत घेण्याआधी भरपूर बघा. तोक्योत र्योगोकुला तलवारींचं संग्रहालय आहे, २०१८ पासून तिथेच. ओकायामा प्रांतातल्या ओसाफुने इथल्या संग्रहालयात ठरावीक दिवशी घडवण्याची प्रात्यक्षिकं होतात. उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात मिकाझुकी मुनेचिका ही प्रसिद्ध तलवार कधी मांडतात याची तारीख बघून जा. पाटीवरचं वाचत बसण्यापेक्षा गुडघे वाकवून, दिव्याचा झोत हामोनवर, म्हणजे धारेलगत उमटलेल्या रेषेवर, तिरपा पडेल अशा कोनातून बघा. सरळ उभं राहिलात तर नुसतं चकचकीत पोलाद दिसतं. त्या कोनातून धुक्यासारखी पांढरी रेघ उमटते.

किंमत एवढी का, तेही तिथे समजतं. तामाहागाने हे पोलाद शिमाने प्रांतातल्या ओकु-इझुमोच्या भट्टीत हिवाळ्यात बनतं: तीन दिवस-तीन रात्री सलग आग, सुमारे १० टन लोहवाळू, १२ टन कोळसा आणि हाती साधारण अडीच टनांचा गोळा, त्यातलाही काहीच भाग उत्तम प्रतीचा. लोहाराला परवानाधारक उस्तादाकडे किमान पाच वर्षं उमेदवारी करून सांस्कृतिक खात्याचं खडतर प्रशिक्षण पार करावं लागतं. परवाना मिळाल्यावरही महिन्याला लांब तलवारी दोनच घडवता येतात. पॉलिश, म्यान, हाबाकी हे सगळे वेगळे कारागीर.

चौथ्या-पाचव्या दानच्या आसपास सेन्सेई स्वतःच विषय काढतात. तोवर थांबा.

१०. भारतात परतताना

खऱ्या तलवारीला देशाबाहेर न्यायचं तर सांस्कृतिक खात्याचं निर्यात प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि तोरोकुशो परत करावा लागतो. दुकानदार हे करून देतात, पण आठवडे लागतात. विमानाचं तिकीट आधी काढू नका. राष्ट्रीय संपत्ती किंवा महत्त्वाची सांस्कृतिक ठेव ठरवलेली तलवार देशाबाहेर नेता येत नाही.

इआयतो चेक-इन सामानातच, कठीण खोक्यात, आणि विमान कंपनीला आधी लेखी विचारून. खरी अडचण उतरल्यावर असते. भारताच्या शस्त्र नियमांच्या यादीत तलवारी आहेत, आणि बोथट मिश्रधातूची सरावाची वस्तू असं काही मुंबई विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पाहिलेलं असेलच असं नाही. निघण्याआधी कस्टम्सला ईमेल करून उत्तर घ्या. खरेदीची पावती, धार नसल्याचं आणि धातूचं वर्णन असलेलं निर्मात्याचं पत्रक आणि डोजोचं सदस्यत्व दाखवणारं पत्र, तिघांचं इंग्रजी भाषांतर करून खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवा. वेळेत उत्तर आलं नाही तर तलवार डोजोतच ठेवून जा. बहुतेक ठिकाणी कपाटात एक कोपरा रिकामा असतो, आणि नव्या विद्यार्थ्याला वापरायला ती मिळते.